गोठ्याच्या वह्या : वाचकांचे प्रश्न

दोन-तीन पिढ्या दुधाचा धंदा करणाऱ्या घरांतून आलेली बरीच पत्रं जुन्या-नव्या हिशेबाच्या वह्यांबद्दल आहेत. त्यातले प्रश्न निवडून उत्तरं देत आहोत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण ती प्रत्येक उत्तरात येणार आहे. गोठ्याच्या दप्तराला तीन अंगं असतात : जनावर, दूध आणि पैसा. या तिघांना बांधणाऱ्या दोनच गाठी आहेत, तारीख आणि जनावराचा क्रमांक. त्या सुटल्या की वह्या कितीही नेटक्या असोत, त्यांतून काही कळत नाही.

प्रश्न : माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या पेट्यांत आजोबांपासूनच्या चाळीसेक वह्या सापडल्या. काही ओलसर आहेत, काहींना कसर लागली आहे, आणि पानापानांत सुट्या चिठ्ठ्या आहेत. उन्हात वाळवून, वर्षवार लावून मग वाचायला घ्याव्यात असं ठरवलं आहे. बरोबर आहे ना?

ऊन दाखवू नका, आणि एवढ्यात लावूही नका. उन्हात शाई फिकी पडते आणि ओलं पान आकसून कडक होतं. पेट्या उघडल्या आहेत त्याच स्थितीत आधी फोटो काढा. मग मऊ पेन्सिलीनं प्रत्येक वहीच्या आतल्या कोपऱ्यात ‘पेटी १, वही ७’ असा क्रमांक घाला. बॉलपेन किंवा चिकटपट्टी अजिबात नको.

चिठ्ठ्यांचं काम सगळ्यात नाजूक आहे. पेंडीच्या दुकानाची पावती, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, कुणाच्या तरी हातचं ‘उद्या दोन लिटर जास्त’ असं चिटोरं. यांवर बहुधा तारीख नसते. ती चिठ्ठी ज्या दोन पानांमध्ये होती, ती पानंच तिची तारीख. म्हणून चिठ्ठी काढण्याआधी तिच्या मागे पेन्सिलीनं ‘वही ७, पान ३४-३५’ असं लिहा, मगच वेगळ्या पाकिटात ठेवा. सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात गोळा केल्या तर पुढे त्या लावणं कुणालाच जमणार नाही.

ओलसर वह्या सावलीत, वारा खेळत्या खोलीत अर्धवट उघडून उभ्या करा. पंखा खोलीत फिरता असावा, वहीवर रोखलेला नको. दर १५-२० पानांनी शाई न लागलेला कोरा टिपकागद घाला आणि तो भिजला की बदला. वही चिंब असेल तर पानं ओढून सोडवू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा इतक्या वेळात वाळवणं जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीनं एकेक काढा. बुरशी आलीच असेल तर वही पूर्ण कोरडी झाल्यावर, घराबाहेर, तोंडाला चांगला मास्क लावून मऊ ब्रशनं झटका. ओल्या फडक्यानं पुसलं तर बुरशी कागदात मुरते.

कसर किंवा कागद खाणारे किडे असतील तर कोरडी वही पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. डांबराच्या गोळ्या आणि कीटकनाशकाचे फवारे टाळा. त्यांनी कागद वाचत नाही आणि वाचणाऱ्याला मात्र त्रास होतो. गंजक्या टाचण्या, रबरबँड काढून टाका. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. दोन्ही गोष्टी पुन्हा निघत नाहीत.

हे सगळं झाल्यावर वर्षवार यादी करा. यादी कागदावर, वह्या मात्र आपल्या मूळ क्रमानं.

प्रश्न : सगळ्यात जुन्या वहीत नुसतं माप आहे. मधल्या एका वहीपासून ‘डि.’ आणि ‘फॅ.’ असे दोन रकाने सुरू होतात. दर काढण्याची रीतही तिथूनच बदललेली दिसते. हे काय असावं?

तुमच्या घरच्या धंद्याचा हा मोठा वळणबिंदू आहे. त्या पानावर खूण करून ठेवा. ‘डि.’ म्हणजे लॅक्टोमीटरची, दुधाची घनता मोजणाऱ्या साधनाची, डिग्री आणि ‘फॅ.’ म्हणजे फॅट, स्निग्धांश. पहिल्या वहीत दूध मापानं विकलं जात होतं. या पानापासून ते गुणवत्तेनं विकलं जाऊ लागलं.

फॅट स्वस्तात आणि लवकर मोजता येऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली आपली चाचणी जाहीर केली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी त्याच सुमारास दुसरी पद्धत बसवली. दोन्हींचं तत्त्व एकच : तीव्र गंधकाम्लानं दुधातली प्रथिनं विरघळवायची, नळी यंत्रात गरगर फिरवायची, आणि मानेत वर आलेला चरबीचा थर खुणांवर वाचायचा. डेन्मार्कमध्ये १८९५ साली गोपालकांनी एकत्र येऊन एकेका गाईचं दूध आणि फॅट नियमित तपासणारी पहिली संस्था काढली. कोणती गाय पोसण्याजोगी, हे नजरेऐवजी आकड्यांवरून ठरवायला तिथून सुरुवात झाली.

डिग्रीचा रकाना एकटा वाचू नका. २८ डिग्री म्हणजे घनता १.०२८. दुधात दहावा हिस्सा पाणी गेलं तर डिग्री तीनेक अंकांनी उतरते. उलट मलई काढली तर ती चढते. दोन्ही एकदम केलं तर डिग्री जागच्या जागी राहू शकते, म्हणूनच तिच्या शेजारी फॅटचा रकाना आला. तुमच्या वहीत काही दिवस फॅट खाली आणि डिग्री वर दिसली तर लगेच कुणाच्या प्रामाणिकपणावर जाऊ नका. भांड्यात नीट न ढवळता खालचा नमुना घेतला तरी अगदी हेच दिसतं.

पुढच्या वह्यांत ‘एसएनएफ’ येईल, म्हणजे फॅट सोडून उरलेले घनपदार्थ. तो डिग्री आणि फॅटवरून सूत्रानं काढतात. एका प्रचलित सूत्रात डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२१ पट, अधिक ०.३६. डिग्री २८ आणि फॅट ४ असेल तर ७ + ०.८४ + ०.३६ = ८.२. पण शेवटचा स्थिरांक जागोजागी आणि काळानुसार वेगळा धरलेला असतो. जुन्या वहीतला एसएनएफ आजच्या सूत्रानं जुळत नाही म्हणून खोडू नका. पाच-सहा ओळी घ्या, उलटं गणित करा, म्हणजे तेव्हा कोणतं सूत्र होतं ते सापडेल. यादीत तेही लिहून ठेवा.

मापांबद्दलही हीच सावधगिरी. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकी ३.७८५ लिटरचा. शेर वजनाचा असेल तर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण मापाचा शेर ठिकाणागणिक निराळा होता. वहीत नुसतं ‘शेर’ असेल तर नक्कल करताना ‘शेर’च लिहा आणि लिटरचा आकडा शेजारच्या रकान्यात टाका. मूळ शब्दावर रूपांतर चढवलं की पुढे चूक शोधायला जागा उरत नाही.

प्रश्न : वंशावळ लावताना एके ठिकाणी अडलो आहे. वहीत लिहिलंय : ‘गाय १२. भरवली ३ मार्च. उलटली, पुन्हा भरवली २४ मार्च. व्यायली ८ डिसेंबर, कालवड.’ दोन्ही वेळचे वळू वेगळे आहेत. आम्ही शेवटचा वळू बाप धरला. चूक तर नाही?

चूक असण्याचीच शक्यता जास्त. २४ मार्च ते ८ डिसेंबर २५९ दिवस होतात. गाईचा गाभणकाळ जातीनुसार साधारण २७५ ते २९० दिवसांचा असतो. ३ मार्चपासून मोजा, बरोबर २८० दिवस येतात. गाय पहिल्याच वेळी गाभण राहिली होती आणि तरीही २१ दिवसांनी तिनं माजाची, म्हणजे पुन्हा वळू मागण्याची, लक्षणं दाखवली. वहीतलं ‘उलटली’ म्हणजे हेच. गाभण गाई कधीकधी असं करतात. म्हणजे कालवडीचा बाप पहिला वळू. एक शंका उरते ती वासरू अपुऱ्या दिवसांचं असण्याची. शेजारी ‘अशक्त’ किंवा ‘मेलं’ अशी नोंद नसेल आणि कालवड पुढे वाढलेली दिसत असेल, तर ती शंका सोडून द्या.

ही चाळणी सगळ्या वहीला लावा. फरक २६० दिवसांच्या आसपास आला तर आधीचं भरवणं खरं. ३००च्या आसपास आला तर मधे एक माज येऊन गेला आणि ते भरवणं लिहायचं राहिलं. तिथे बापाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहा. म्हशींसाठी ३१० दिवस धरा. घरातल्या जुन्या माणसांची आठवण आणि दिवसांचं गणित यांत फरक पडला तर आधी गणित तपासा, मग विचारा.

एक खोच आणखी. मेलेल्या किंवा विकलेल्या गाईचा क्रमांक नव्या जनावराला देण्याची पद्धत बऱ्याच गोठ्यांत होती. ‘गाय १२’ पंधरा वर्षं दूध देताना दिसली तर ती दोन गाई असू शकते. व्यायल्याच्या तारखा एका ओळीत मांडा. दोन वेतांत ३०० दिवसांपेक्षा कमी अंतर आलं तर तिथे जनावर बदललं आहे, किंवा मधे गाभ गेला आहे.

प्रश्न : आज गोठ्यात २५ जनावरं आहेत. रोज प्रत्येकीचं दूध मोजायला वेळ नाही. किमान किती लिहिलं तर पुरेल?

एकेकीचं दूध महिन्यातून एक दिवस मोजलं तरी चालेल, पण तो दिवस आणि दोन्ही धारा चुकवू नका. सकाळ-संध्याकाळच्या धारांमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे सकाळचं माप दुप्पट करणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

वेताचं, म्हणजे व्यायल्यापासून आटेपर्यंतचं, एकूण दूध काढायची रीत अशी. समजा, व्यायल्यावर १५व्या दिवशी १४ लिटर, ४५व्या दिवशी १८ आणि ७५व्या दिवशी १६ लिटर मोजलं. पहिल्या १५ दिवसांचे १५ × १४ = २१०. पुढच्या ३० दिवसांना १४ आणि १८ची सरासरी १६ लावा, ४८० झाले. त्यापुढच्या ३० दिवसांना १८ आणि १६ची सरासरी १७, म्हणजे ५१०. ७५ दिवसांचे मिळून १२०० लिटर. आटेपर्यंत असंच चालवा. गाईंची तुलना मात्र ३०५ दिवसांपर्यंतच्या दुधावर करा. उशिरा गाभण राहिलेली गाय ४०० दिवस दूध देते आणि नुसत्या एकूण आकड्यावर उगाच सरस ठरते.

रोजचं लिहायचं ते एकूण दूध आणि ते गेलं कुठे. दिवसाचं १८४ लिटर निघालं. संकलन केंद्राला १५२, रतीबाला १८, वासरांना ९, घरात ३, औषध चालू असलेल्या गाईचं बाजूला काढलेलं २. बेरीज १८४. ही बेरीज त्याच संध्याकाळी जुळवायची. आठवड्यानं जुळवायला बसलात तर फरक घरखर्चाच्या नावावर ढकलला जातो, आणि चार महिन्यांनी घर रोज पाच लिटर दूध पितं असं वहीत दिसायला लागतं.

बेरीज रोज थोडी आणि एकाच दिशेनं चुकत असेल तर लिटर-किलोचा घोळ बघा. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरतं. गोठ्यात मापानं लिहिलं आणि संकलनावर काट्यानं, तर १०० लिटरांमागे रोज ३चा फरक पडतो, वर्षाला १०९५ किलो. घरात संशयाला जागा होण्याइतका हा आकडा मोठा आहे, आणि मूळ नुसतं एककात.

जनावराच्या पानावर हव्याच अशा नोंदी : क्रमांक, आईचा क्रमांक, जन्मतारीख, प्रत्येक माज, प्रत्येक भरवणं आणि वळू किंवा (कृत्रिम रेतन असेल तर) रेतमात्रेचा क्रमांक, गाभण तपासणी, व्यायल्याची तारीख, आटवल्याची, म्हणजे दूध काढणं थांबवल्याची, तारीख, आजार, औषधाचं नाव आणि दूध पुन्हा विक्रीत घेतल्याची तारीख, आणि शेवटी गोठ्यातून का गेली. हे ‘का’ जवळजवळ सगळे विसरतात. ‘विकली’ एवढं पुरत नाही. गाभण राहत नव्हती म्हणून, कासदाहानं सड गेला म्हणून की पैशांची नड होती म्हणून? दहा वर्षांनी गोठा कुठे गळत होता ते याच रकान्यातून कळतं.

प्रश्न : वैरण शेतातली, राबणारी माणसं घरची, शेणखत आपल्याच रानात. रोख हिशेबात गोठा दरवर्षी नफ्यात असतो, तरी हाती काही उरत नाही. वही चुकते आहे का?

वही चुकत नाही, अपुरी आहे. ती फक्त रोख ओळखते. घरच्या वैरणीची दोन टोकं लिहा : त्या दिवशी ती बाहेर विकली असती तर जो दर आला असता, त्या दरानं शेतीखाती जमा आणि गोठाखाती नावे. शेणखताचं उलट, गोठ्याला जमा आणि शेतीला नावे. घरच्या माणसांचे तास लिहा, पैसे नंतर लावता येतील. वर्षअखेर दोन आकडे काढा, एक घरची मजुरी न धरता आणि एक धरून. दोघांतलं अंतर म्हणजे घरच्यांनी गोठ्याला दिलेलं फुकटचं राबणं.

वैरण ‘भाऱ्या’त लिहीत असाल तर महिन्यातून एकदा दहा भारे तोलून सरासरी काढा. आणि ओला चारा व कोरडा चारा किलोला किलो मिळवू नका. २५ किलो हिरव्या चाऱ्यात पाणी वगळता साधारण ५ किलोच खाद्य असतं. ५ किलो कडब्यात साडेचार किलो.

आणखी एक गळती कालवडींची. पहिल्या वेतापर्यंतचा त्यांचा खर्च चालू वर्षाच्या दुधावर टाकला तर ज्या वर्षी कालवडी जास्त राखल्या ते वर्ष तोट्याचं दिसतं. हेच वाचून माणसं चांगल्या कालवडी विकून मोकळी होतात. कालवडींचं खातं वेगळं काढा आणि कालवड व्यायली की साठलेला खर्च तिच्या किमतीच्या रूपानं गोठ्याच्या भांडवलात चढवा. भाकड गाईचा खर्च मात्र दुधावरच पडायला हवा, तो धंद्याचाच भाग आहे.

राहिली उधारी. संकलनाचं बिल काही दिवसांनी हातात येतं, रतीबाचे पैसे महिन्यानं. दूध ज्या दिवशी गेलं त्या दिवशी ‘येणे’ लिहा, पैसे आले त्या दिवशी ते फेडा. नुसतं पैसे आल्याच्या दिवशी लिहिलं तर भरपूर दुधाचा महिना कोरडा दिसतो आणि त्यानंतरचा भरलेला.

प्रश्न : घराण्याच्या दुधाच्या धंद्याचा इतिहास लिहायचा आहे. वह्यांत आकडेच आकडे आहेत, माणसं कुठे शोधावीत?

अक्षरात शोधा. एका पानावर अक्षर बदलतं, तिथे वही दुसऱ्याच्या हाती गेलेली असते. आजारपण, बाळंतपण, थोरल्याचं बाहेरगावी जाणं, काहीतरी घडलेलं असतं. बदलाच्या सगळ्या तारखा एका कागदावर काढा आणि तो कागद घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांकडे बसा. ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की ठरावीक चार गोष्टी ऐकायला मिळतात. त्याऐवजी वही उघडी ठेवून विचारा, ‘या आठवड्यात दूध ४० वरून १२ वर का आलं?’ मग जे निघतं ते टिपून घ्या, शक्यतो आवाजही नोंदवा, आणि नोंदीवर वहीचा व पानाचा क्रमांक टाका.

रोगांची जुनी नावं जशीच्या तशी ठेवा. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत. बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याचं २०११ साली जाहीर झालं, त्यामुळे वहीतली तिची नोंद ही आज कुठल्याच गोठ्यात न दिसणाऱ्या रोगाची साक्ष आहे. पण वहीत नुसतं ‘साथ’ असेल तर आपल्या मनानं रोगाचं नाव देऊ नका.

आणखी एक, आग्रहानं. वहीत नाव असतं पैसे घेणाऱ्याचं. धारा काढणारी, वासरं पाजणारी, भांडी घासणारी, दुधाचं रतीब घालणारी बाई तिथे सापडत नाही. ती विचारूनच लिहावी लागते, आणि सांगणारी माणसं आहेत तोवर. ‘वडिलांनी गोठा उभा केला’ हे वाक्य लिहिण्याआधी पहाटेची धार कोण काढत होतं, एवढं विचारा.

उधारीच्या पानांवर बाहेरच्यांची नावं असतात. छापताना ती झाका, मूळ वहीत खाडाखोड करू नका.

प्रश्न : हल्लीच्या संकलनाच्या पावत्या गोळा करून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवल्या, तर वर्षभरात कोऱ्या झाल्या. काय चुकलं?

त्या पावत्या थर्मल कागदाच्या. त्यांच्यावर शाई नसते, उष्णतेनं काळा होणारा लेप असतो. ऊन, गरमी, तेलकट हात आणि मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक यांनी तो उडतो. म्हणजे तुम्ही जपायला म्हणून ठेवल्या तिथेच त्या पुसल्या गेल्या. यापुढे पावती आली की त्याच दिवशी आकडे वहीत उतरवा आणि फोटो काढा. कागद ठेवायचाच तर साध्या कागदी पाकिटात, अंधारात, गोठ्याबाहेर ठेवा.

फोटोच्या फाइलला नाव तारखेनं द्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, म्हणजे त्या आपोआप ओळीनं लागतात. जुन्या वह्या स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय, रंगीत. काळ्या-पांढऱ्यात पेन्सिलीच्या खुणा आणि लाल शाईच्या दुरुस्त्या हरवतात. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरी. मोबाइलवरच्या ॲपमध्ये गोठ्याच्या नोंदी ठेवत असाल तर दर महिन्याला त्या सीएसव्ही फाइलमध्ये (कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) उतरवून घ्या. ती सोय नसलेलं ॲप निवडू नका.

कोऱ्या झालेल्या पावत्या अजून फेकू नका. अंधारात, तिरप्या प्रकाशात धरून किंवा फोटोचा काळेपणा वाढवून काही आकडे वाचता येतात. इस्त्री मात्र लावू नका. सगळा कागद काळा होईल.